हजरसाहेबांची हरकत

"फोनले शपथ देऊ? सांग ना बे! फोनच्या कपाळाले शिक्का मारू का मी?"

आवाज असा चढला की पिंपळावरचे कावळे उठले ते थेट फुटाळा तलावाच्या पलीकडे जाऊन बसले. त्यातले दोन तर अजूनही परत आलेले नाहीत, मी मोजून असतो. कचेरीच्या फाटकाबाहेर निळ्या ताडपत्रीखाली आमचं टेबल होतं. त्या टेबलामागे साहेब उभे, आणि समोर इतवारीतला एक कापडाचा व्यापारी. व्यापाऱ्याच्या हातात फोन, आणि फोनमध्ये त्याचा सख्खा भाऊ.

"साहेब, भाऊ पुण्याले असते. पण हा पाहा ना, हजर आहे. हात हलवून राहिला."

भाऊ खरोखरच हात हलवत होता. साहेबांनी फोन घेतला, उलटा केला आणि मागची बाजू नीट न्याहाळली.

"मागून तर दिसून नाही राहिला."

"साहेब, जमाना कुठच्या कुठं गेला."

"मग जमान्याले घेऊन ये. त्याचंही आधार कार्ड पाहतो."

व्यापारी चिडला. "पलीकडच्या टेबलावर दोन मिनिटांत होते हे काम."

"मग इथं काहून आला?"

व्यापाऱ्यानं आपला फोन परत घेतला. मग हळूच म्हणाला, "तुमचा शिक्का कोणी परत पाठवत नाही म्हणून."

"हं," म्हणत साहेब खाली बसले. "आता समजलं ना काहून परत पाठवत नाही? भावाले म्हण, पुण्याहून गाडीत बस. खिडकीची जागा पाहून बस."

हे होते आमचे नोटरी. खरं नाव त्यांच्या गोल शिक्क्यावर कोरलेलं होतं, पण ते वाचण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. सगळी कचेरी त्यांना हजरसाहेब म्हणायची. ज्याची सही, तो माणूस नोटरीसमोर आपल्या दोन पायांवर हजर पाहिजे, हा नियम सगळ्याच नोटरींना असतो. साहेबांना तो आईच्या दुधातून मिळाला होता. माझा तर असा कयास आहे की जन्मल्या जन्मल्या त्यांनी आधी सुईणीचं ओळखपत्र मागितलं असणार, मग रडले असणार.

देहानं म्हणाल तर माणूस एवढासा. एप्रिलच्या वावटळीत त्यांना टेबलाला धरून बसावं लागे. कोट कधीकाळी काळा होता. त्याच्या आत छातीशी ओला दुपट्टा, त्यामुळे उन्हाळ्यात साहेबांच्या अंगातून वाफ निघताना मी स्वतः पाहिलेली आहे. पण आवाज! देवानं हत्तीसाठी बनवलेला आवाज चुकून दुसऱ्याच पार्सलात गेला होता.

शिक्का पितळेचा. तो साहेब पानसुपारीच्या एका स्टीलच्या डब्यात ठेवत आणि डबा नाड्यानं पॅन्टच्या पट्ट्याला बांधत. लग्नाच्या पंगतीत बसले तरी डबा उघडा करून मांडीवर. नजरेसमोर राहावा म्हणून. एकदा वाढप्यानं पाहिलं न पाहिलं आणि त्यात लसणाची चटणी वाढली. पुढचा महिनाभर आमच्या टेबलावरच्या प्रत्येक कागदाला लसणाचा वास येत होता. एका मॅजिस्ट्रेटसाहेबांनी म्हणे आमचं प्रतिज्ञापत्र वाचता वाचता मध्येच जेवणाची सुट्टी जाहीर केली.

नोटरीची सनद पाच वर्षांची असते, मग नूतनीकरण. बाकीचे लोक शेवटच्या आठवड्यात धावतात. साहेबांचा अर्ज इतका आधी जाई की सनदेच्या कार्यालयातला बाबू विचारायचा, "साहेब, हा मागचा आहे की पुढचा?" वर्षभरात किती कागदांवर शिक्का मारला, त्याचा तक्ता जानेवारीत सरकारला द्यावा लागतो. तो साहेब नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी, झाडूवाली फरशी पुसत असतानाच देऊन येत. ती त्यांना पाहून म्हणायची, "आलं गा नवं वर्ष."

पण लोकांना खरा धसका असायचा तो त्यांच्या वाचनाचा. प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचल्याशिवाय ते शिक्क्याचा डबा उघडत नसत. मोठ्यानं म्हणजे रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जाईल असं. कोणाचं वय कागदावर किती आणि खरं किती, कोणाचा नवरा कोणत्या साली कुठं निघून गेला, हे सगळं आमच्या फुटपाथला तोंडपाठ होतं.

काटोलचा एक तरुण नाव बदलायला आला होता. घरच्यांनी नवसाचं म्हणून दगडू ठेवलं होतं, त्याला आर्यन व्हायचं होतं. साहेबांनी सगळा कागद वाचला, चष्मा वर केला.

"यापुढं कोणी दगडू म्हटलं तर ओ द्यायची नाही. कबूल?"

"कबूल साहेब."

साहेबांनी डबा उघडला. तेवढ्यात पोहेवाल्यानं पलीकडून हाक मारली, "ए दगडू!" आणि पोरगा गर्रकन वळून म्हणाला, "काय जी?"

साहेबांनी डबा बंद केला. "तयारी नाही झाली. आठ दिवसांनी ये."

आठ दिवसांनी तो आला तेव्हा सगळ्या फुटपाथनं दगडू दगडू करून घसा कोरडा केला, पण पठ्ठ्यानं मान वळवली नाही. तेव्हा कुठं शिक्का पडला.

शपथेआधी ते प्रत्येकाला विचारत, "देवाची शपथ, की सत्यप्रतिज्ञा?" कायद्यात दोन्ही चालतं. बहुतेक लोक विचारत, "लवकर काय होते?" एकदा पांढऱ्या पातळातली एक आजी आली, तिच्या घरातल्यांनी छप्पन सालीच बुद्धाला नमस्कार घातलेला. तिनं साहेबांकडे नवलानं पाहिलं.

"देवाले मधात काहून घेता जी? मीच बोलून राहिली ना."

साहेब उभे राहिले आणि त्यांनी आजीला हात जोडले. त्या दिवशी मग ते कोणावरही ओरडले नाहीत. फुटपाथवर चर्चा झाली की साहेबांना ताप असावा.

मी त्या टेबलाच्या डाव्या टोकाला बसत असे. ज्युनियर म्हणून आलो तेव्हा केस काळे होते, आणि बघता बघता वकिलीची दहा वर्षं भरली. नोटरीच्या अर्जासाठी हीच अट. बायकांना आणि राखीव वर्गातल्यांना सात, माझ्यासारख्यांना दहा. ज्या दिवशी दहा पूर्ण झाली त्या दिवशी बायकोनं माझ्या नावाची पाटी रंगवून आणली. नावाखाली लाल अक्षरांत 'नोटरी'. मी म्हटलं, "अगं, अजून अर्जही नाही केला." ती म्हणाली, "मग करा ना. पाटी काही उलटी रंगवता येत नाही." पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून दारामागे उभी राहिली. येता-जाता तिला माझी कोपरं लागत.

नोटरीचा अर्ज म्हणजे लग्नाची यादी असते. नुसती आपली सही चालत नाही. खाली एका मॅजिस्ट्रेटची पाहिजे, एका सरकारी बँकेच्या मॅनेजरची पाहिजे, एका व्यापाऱ्याची पाहिजे आणि वर परिसरातल्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांची. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सही दिली. मॅनेजरनं मला तीनदा टोकन घ्यायला लावलं आणि तिसऱ्यांदा ओळखलं. व्यापारी घरातलाच, माझे सासरे, इतवारीत भांड्यांचं दुकान. त्यांनी सही करताना कागदही असा टिचकी मारून पाहिला, जसं पातेलं पाहतात. एक प्रतिष्ठित मिळाले, निवृत्त हेडमास्तर. दुसरा मिळेना. नागपुरात प्रतिष्ठित लोक पैशाला पासरी, पण प्रत्येकाचं म्हणणं, दुसरा कोण आहे ते आधी सांगा.

"पोहेवाल्याची घे," साहेब म्हणाले.

"साहेब, तो प्रतिष्ठित?"

"मंत्र्याच्या गाडीतला माणूस कोणाच्या पुढं रांगेत उभा राहते? न्यायाधीश कोणाच्या पोह्यावरची तर्री पिऊन नाक पुसते? अजून किती प्रतिष्ठा पाहिजे गा तुले?"

पोहेवाल्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि सही केली. अर्जाच्या त्या कोपऱ्यावर तर्रीचा एक थेंब पडलाच.

मग माझ्या दहा वर्षांचा दाखला. तो साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिला. माझ्यासमोर मोठ्यानं वाचला. "सदर अर्जदारानं माझ्याकडं सलग काम केलं आहे. हिशेबाला चोख, कामाला न कंटाळणारा, अशिलाशी सौजन्यानं वागणारा." झेरॉक्सवाल्यानं पलीकडून टाळ्या वाजवल्या. मी साहेबांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. त्या हाताला लसणाचा वास अजून होता, शपथेवर सांगतो.

अर्जदारांची यादी लागली. हरकत असेल त्यानं अमुक दिवसांत कळवावी, अशी नोटीसही लागली. मुदत संपली त्या दुपारी मी पेढे घेऊन सनदेच्या कार्यालयातल्या बाबूकडे गेलो.

"काही नाही ना आलं?"

बाबूनं पेढा तोंडात टाकला आणि मग म्हणाला, "एक आली."

मला हसू आलं. दहा वर्षांत मी कोणाचं वाकडं केलं होतं? पलीकडच्या टेबलाचं कारस्थान असेल म्हटलं. बाबूनं कागद माझ्यासमोर सरकवला आणि दुसरा पेढा उचलता उचलता बोलला, "वकीलसाहेब, तुमच्या दाखल्याचं आणि हरकतीचं अक्षर एकच दिसून राहिलं."

मी खुर्चीवर बसलो. खुर्ची तिथं नव्हती. फरशीवर बसल्या बसल्या मी तो कागद वाचला. खाली तीच सही, तोच गोल शिक्का. मधला मजकूर एवढाच, की अर्जदारानं कन्हान नदीच्या पुलावर, नोटरीच्या गैरहजेरीत आणि नोटरीच्या क्षेत्राबाहेर, एका माणसाचा अंगठा घेतला होता. सबब हरकत.

माझ्या डोळ्यांपुढं तो पूल आला.

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. कन्हानचे एक आजोबा, खाणीत आयुष्य घालवलेले. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर नाव एक, आधारवर दुसरं. दोन्ही नावांचा माणूस एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं. पण आजोबांच्या कमरेचं हाड मोडलेलं. त्यांची सून रडकुंडीला येऊन म्हणाली, "साहेब, तुम्हीच घरी या ना जी."

आता, नोटरीला सनदेत क्षेत्र ठरवून दिलेलं असतं. साहेबांचं नागपूर शहर आणि कामठी तालुका. कन्हान गाव नदीच्या पलीकडे, दुसऱ्या तालुक्यात.

"माय, मी पुलापर्यंत येतो," साहेब म्हणाले. "पुलाच्या पलीकडं मी नोटरी नाही. नुसता म्हातारा आहे."

मे महिना, भर दुपार. साहेब आणि मी पुलाच्या अलीकडच्या टोकाला. पलीकडून आजोबांना खाटेसकट टेम्पोत घालून आणत होते. आणि पुलाच्या मधोमध एका ट्रकचं चाक बसलं. हॉर्न असे की नदीतले मासे काठावर येऊन पाहत होते. साहेबांनी मला पाण्याची बाटली देऊन पुढं पाठवलं. टेम्पो मधल्या खांबाच्या, म्हणजे साहेबांच्या हद्दीच्या, दहा पावलं पलीकडे अडकलेला. आत आजोबांचे ओठ पांढरे पडले होते, आणि सून त्यांच्या तोंडावर पदर धरून बसली होती. माझ्या पिशवीत कागद होता, शाईचं पॅडही होतं. माझं काळीज काही पितळेचं नाही. मी तिथंच अंगठा घेतला, टेम्पोवाल्याला म्हटलं मागं वळव, आणि पळत साहेबांकडे आलो.

"झालं साहेब. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मारा शिक्का."

"मी पाहिलं का?"

"साहेब, माणूस मरून जाईल!"

साहेबांनी कागदाचे चार तुकडे करून खिशात घातले आणि भर उन्हात चालत निघाले. मधल्या खांबापाशी थांबले. टेम्पो अजून वळलाच नव्हता, जागा कुठं होती? साहेबांनी चार ट्रकवाले खाली उतरवले. त्यांच्या आवाजापुढं ट्रकवाल्यांचं काय चालणार? चौघांनी खाट उचलली आणि दहा पावलं अलीकडे आणून ठेवली. साहेबांनी स्वतःच्या गळ्याखालचा ओला दुपट्टा काढून आजोबांच्या डोक्यावर टाकला, छत्री धरली, आणि माझ्या पिशवीतली दुसरी प्रत घेऊन सगळ्या पुलाला ऐकू जाईल असं प्रतिज्ञापत्र वाचलं. हॉर्न थांबले. ट्रकवाले, बसमधले लोक, सगळे ऐकत होते की हे दोन नावांचे आजोबा एकच आहेत.

"हे खरं आहे का बाबा?"

"खरं आहे," आजोबा म्हणाले. मग हसले. "पस्तीस वर्षं खाणीत उतरलो साहेब. पण इतकं मोजून मले कोणी ठेवलं नव्हतं."

नवा अंगठा उमटला. शिक्का पडला. आजोबा सुखरूप घरी गेले, पुढं त्यांचं कामही झालं. मला साहेब त्या दिवशी काही बोलले नाहीत. त्यानंतरही कधी नाही. मला वाटलं, विसरले.

बाबूच्या फरशीवरून उठलो तो तडक टेबलापाशी गेलो.

"माझ्या पोटावर पाय काहून देऊन राहिले साहेब तुम्ही?" मी नागपुरी हिशेबानं ओरडलो, म्हणजे सीताबर्डीपर्यंत. "दहा वर्षं! दहा वर्षं तुमचं टेबल पुसलं!"

साहेब रजिस्टर लिहीत होते. अनुक्रमांक पूर्ण लिहून झाल्यावर त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"सरकारनं हरकती मागवल्या ना? मले माहीत होतं. मी नाही सांगितलं तर खोटा कोण?"

"मग दाखला काहून दिला?"

"तोही खराच आहे ना गा."

"तो म्हातारा मरत होता साहेब!"

"होय. म्हणूनच तर. तू वाईट मनानं केलं असतं तर मले चिंता नव्हती, वाईट माणूस भेऊन असते. तू चांगल्या मनानं केलं. चांगलं मन रोजच येऊन बसते टेबलासमोर. रडत येते. मग रोज तू काय करशील?"

मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही. टेबलाच्या डाव्या टोकाला पाठ करून बसलो. बायकोला काय सांगणार? दारामागच्या पाटीला कोपर लागलं की ती आतून विचारायची, "आली का हो ऑर्डर?"

त्या आठ दिवसांत मी खोटं तयार केलं. आणि काय खोटं होतं ते! आयुष्यात इतकं सुंदर खोटं मी दुसरं बनवलेलं नाही. आजोबा सकाळी बँकेत अंगठा देऊन आले होते, शाई तिथलीच होती. साहेबांनी फाडला तो कागद कोरा होता. उन्हात साहेबांना भोवळ आली होती, त्यात त्यांना तसं वाटलं. आरशापुढं उभं राहून पाठ केलं. शेवटच्या दिवशी तर मलाच ते पटलं, साहेबांची कीवही आली. आणि खरं पाहता त्यांच्याकडे होतं काय? कागद फाटलेला, आजोबा आता या जगात नाहीत, सून दूर कुठं मुलीकडे राहायला गेलेली.

सुनावणीचा दिवस. खोलीत एक अधिकारी, एक बाबू, मी आणि साहेब. साहेबांनी कोट इस्त्री करून आणला होता. दहा वर्षांत पहिल्यांदा.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "हा दाखला तुमचा?"

"हो."

"आणि ही हरकत?"

"तीही."

"मग यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही."

अधिकाऱ्यांनी कपाळ चोळलं. "बरं. या हरकतीला पुरावा काय आहे तुमच्याकडं? फाडलेला कागद आहे?"

"नाही."

"साक्षीदार?"

"आहे ना," साहेब म्हणाले. "अर्जदार. त्याले विचारा."

अहो, कोणता वकील विरुद्ध बाजूच्या माणसालाच साक्षीदार करतो? एकाच साक्षीदारावर सगळी केस, आणि तो साक्षीदार मी! ज्याला खोटं बोलायची आठ दिवसांपासून पूर्ण तयारी! मी साहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. आपलं काम झालं म्हणून मांडीवर हात ठेवून बसले होते, जसा माणूस बस येईल म्हणून बसतो. येईल की नाही ही शंकाच नाही.

"बोला," अधिकारी म्हणाले. "घेतला होता अंगठा?"

मी तोंड उघडलं. बँकेची शाई जिभेच्या टोकावर होती. पाटीवरची लाल अक्षरं दिसत होती.

"घेतला होता," मी म्हणालो.

बाबूचं पेन थांबलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. मला वाटतं, त्या खोलीत सर्वात जास्त धक्का मलाच बसला. माझाच आवाज, माझ्याच तोंडातून, माझ्याच विरुद्ध.

अधिकाऱ्यांनी बराच वेळ लिहिलं. मग कागद बाजूला सारला. "यावेळी शिफारस करता येणार नाही. पुन्हा अर्ज करा. सह्या पुन्हा नव्यानं लागतील."

आम्ही बाहेर आलो. जिन्यात ऊन आलं होतं. साहेब पुढं, मी मागं. आता साहेब काहीतरी म्हणतील, पाठीवर हात ठेवतील, नागपुरातला सर्वात प्रामाणिक वकील म्हणतील, असं वाटत होतं. एक मजला उतरलो, दुसरा उतरलो. शेवटी मीच विचारलं.

"साहेब, मी नाही म्हटलं असतं तर?"

साहेब थांबले नाहीत, मागं वळलेही नाहीत. एक एक पायरी उतरत राहिले.

"तर सनद मिळाली असती," ते म्हणाले.